तांबड्या रंगाची कपची

संस्थेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. पेशी मोजणं हे तिचं काम, म्हणून मोजणीबाई. तिला खरं नाव होतं, पगाराच्या चिठ्ठीवर ते दर महिन्याला छापूनही येई, पण बावीस वर्षांत त्या नावाला तिथं कुणी हात लावला नव्हता. तिची तक्रार नव्हती. कामाच्या नावानं हाक मारतात त्या माणसाला लोक निदान कामापुरतं तरी विचारतात, असं तिचं म्हणणं होतं.

समुद्राच्या तळाशी खडकांना चिकटून स्पंज नावाचे जीव राहतात. त्यांना ना दात, ना नख्या, ना पळायला पाय. शत्रूपासून वाचायचं तर अंगात विष तयार करायचं, एवढंच त्या बिचाऱ्यांच्या हातात. त्यातलं एखादं विष कॅन्सरच्या पेशींना मारतं का, हे बघणं हा या संस्थेचा उद्योग. पाणबुड्यानं स्पंज आणायचे. मोजणीबाईनं ते धुवायचे, चिरायचे, मद्यार्कात भिजवून अर्क काढायचा, यंत्रातून त्या अर्काचे वीस भाग करायचे आणि एकेक भाग कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा. या पेशी प्लास्टिकच्या प्लेटमधल्या इवल्याइवल्या खळग्यांत वाढवलेल्या असत. दोन दिवसांनी खळग्यांत पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर तो जांभळा होतो, मेलेल्या असतील तर पिवळाच राहतो. मोजणीबाईनं वर्षानुवर्षं जांभळंच बघितलं. एखाद्या भागानं शंभरातल्या दहा-बारा मारल्या तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं.

दीड वर्षापूर्वी सात नंबर आला. एका नारिंगी स्पंजाच्या अर्काचा सातवा भाग. त्यानं शंभरातल्या चौऱ्याण्णव मारल्या. प्लेट बघून तिला आधी वाटलं, आपण पेशी टाकायलाच विसरलो. पुन्हा केलं. पुन्हा पिवळं. तिसऱ्यांदाही पिवळं आलं तेव्हा ती थंड खोलीत गेली आणि दार लावून रडली. आनंदानं रडताना तिचं नाक टोमॅटोसारखं लाल व्हायचं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

दुधात साखर म्हणजे तो स्पंज तिच्या सख्ख्या भावानं आणला होता. दादा संस्थेचा पाणबुड्या. वयानं चौपन्न, अंगानं अजून खांबासारखा. बंदरापासून तासाभरावर समुद्रात एक मोठा खडक होता, त्याला सगळे बाहेरचा खडक म्हणत. तिथं पंचवीस मीटर खाली उतरून हे नारिंगी स्पंज आणायचे. एवढं खोल जाणारा संस्थेत तो एकटाच.

आणि या सगळ्या आनंदाला मध्येच एक गाठ बसली होती. वहिनींना, म्हणजे दादाच्या बायकोला, गेल्या वर्षी कॅन्सर निघाला. ज्या पेशी मोजणीबाई प्लेटमध्ये वाढवत होती, त्यांच्याच जातीचा. तेव्हापासून पिवळी प्लेट दिसली की तिला भीतीही वाटायची आणि आशाही, दोन्ही एकदमच.

संस्थेचे संचालक होते त्यांना मागे फीतकापे म्हणत. कुठलंही नवं यंत्र आलं, खोली आली, अगदी पाण्याचा कूलर आला तरी हे कात्री घेऊन तयार. पण खोटं कशाला बोला, माणूस वाईट नव्हता. संस्थेला दोनदा टाळं लागायची वेळ आली होती आणि दोन्ही वेळा यांनीच दारोदार फिरून ती वाचवली होती. दारोदार फिरणाऱ्याला मात्र एक सवय लागते. समोरच्याला काय आवडेल ते आधी आणि खरं काय ते मग.

तर एका सोमवारी फीतकापे साहेब हसत हसत तिच्या टेबलापाशी आले. पुढच्या आठवड्यात गुरुवारी एका औषध कंपनीची माणसं येणार होती. सात नंबर त्यांना द्यायचा, पुढे माणसांवरच्या चाचण्या कंपनी करणार. साहेबांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर बरंच उंच चढवलं. तुमच्यासारखे हात देशात नाहीत, तुमच्या मोजणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो, वगैरे. मग हळूच कागद पुढे केला. मोजणी जिची, सही तिची, असा नियमच होता.

मोजणीबाईनं कागद वाचला. तिला कागद वाचायची वाईट खोड होती. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की सात नंबरमुळे निरोगी पेशींना इजा होत नाही असं दिसून आलं आहे.

तिनं विचारलं, हे कुणाला दिसून आलं? कारण निरोगी पेशींवर तिनं अजून काही केलंच नव्हतं. ती चाचणी दीड वर्षांत तीनदा ठरली होती आणि तीनदा पुढे गेली होती. एकदा पेशींना बुरशी लागली, एकदा परिषद आली, एकदा साहेब म्हणाले होते की आधी सात नंबर गाजू तर द्या. साहेब म्हणाले, त्यात काय, दहा दिवस आहेत, करून टाका, निकाल काय येणार ते आपल्याला माहीतच आहे.

बुधवारी निकाल आला. निरोगी त्वचेच्या पेशी, शंभरातल्या शहाण्णव मेलेल्या.

आता हे अशा माणसाला कळणार नाही ज्यानं कधी प्लेट हातात धरलेली नाही. कॅन्सरच्या पेशी कशानंही मरतात. धुण्याच्या सोड्यानं मरतात, उकळत्या पाण्यानं मरतात. कौतुक असतं ते कॅन्सरच्या मारून बाकीच्या जगवणाऱ्या औषधाचं. सात नंबर सगळ्यांनाच सरसकट मारत होता. मोजणीबाई स्टुलावर बसून राहिली. तिला साहेबांचा राग आला, कंपनीचा आला, मग स्वतःचा आला. दीड वर्षं ती काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होती.

त्याच दुपारी दादानं नवे स्पंज आणून ठेवले होते. डोकं चालत नाही तेव्हा हात चालवावेत म्हणून तिनं ते धुवायला घेतले. चाळणीत नारिंगी तुकडे, वाळू, शिंपल्यांचा चुरा. आणि त्यात नखाएवढी एक तांबडी कपची. तिनं सवयीनं ती नखानं उचलली आणि मोरीत टाकली.

टाकली, आणि तिचा हात तसाच थांबला.

तिचे वडील बोटींच्या तळाला रंग लावायचे. तांबडा, दाट, नाकाला झोंबणारा रंग. त्यात विष असतं, म्हणजे बोटीच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटत नाहीत. दर वर्षी बोटी बंदराच्या धक्क्यापाशी ओढायच्या, जुना रंग खरवडायचा, नवा चढवायचा. लहानपणी ती आणि दादा खरवडायला बसत. कपच्या केसांत, कपड्यांत, अंथरुणात, जेवणाच्या ताटात. आई म्हणायची, या घरात मीठ कमी पडेल पण कपची कमी पडणार नाही. ज्या मुलीनं अख्खं बालपण त्या कपच्या ताटातून उचलून बाजूला ठेवल्या, तिला चाळणीत एक दिसली तर नवल कसलं वाटणार? दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. दुसऱ्या कुणी चिमट्यानं उचलून विचारलं असतं, हे काय बुवा. हिनं दीड वर्षं त्या मोरीत टाकल्या होत्या. किती, ते आठवेना. पुष्कळ.

पण बाहेरच्या खडकावर बोटी रंगवत नाहीत. तिथं तांबडी कपची येईलच कुठून?

तिनं मोरीची जाळी उघडली आणि बोटं घालून ती कपची परत काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंदराच्या धक्क्यावर गेली. पाण्यातल्या खांबांना बोटी घासून घासून तांबडे पट्टे उमटले होते आणि त्या पट्ट्यांच्या खाली, हात पोचेल एवढ्या पाण्यात, नारिंगी स्पंज मजेत वाढलेले होते. अगदी त्याच जातीचे. स्पंज म्हणजे गाळणीच की. दिवसभर पाणी आत ओढायचं, बाहेर सोडायचं, आणि पाण्यात असेल ते अंगात साठवायचं. तिनं गुडघ्यांवर बसून खांबावरचा तांबडा रंग चाकूनं खरवडला आणि डबीत भरला. एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. त्यानं विचारलं, काय हरवलं काय बाई? ती म्हणाली, हो, दीड वर्ष.

प्रयोगशाळेत तिनं तो रंग स्पंजासारखाच मद्यार्कात भिजवला आणि यंत्राला लावला. हे यंत्र अर्कातले पदार्थ एकेक करून वेगळे करतं आणि कागदावर प्रत्येकाचा एक सुळका काढतं. सात नंबरचा सुळका अकराव्या मिनिटाला येतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. रंगाचा अर्क यंत्रात सोडून ती घड्याळ बघत उभी राहिली. दहाव्या मिनिटापर्यंत रेघ सपाट होती. अकराव्या मिनिटाला सुळका वर गेला. तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. दोन सुळक्यांत केसाचाही फरक नव्हता.

सात नंबर म्हणजे बोटीचा रंग होता.

त्या दिवशी ती संस्थेतून तडक दादाच्या घरी गेली. वहिनी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. उपचारांनी त्यांचे केस गेले होते आणि जीभ मात्र होती तिथंच होती. शाम्पूची कटकट संपली, असं त्या येईल त्याला सांगत. दादा बाहेरच्या खोलीत पाणबुड्याच्या चष्म्याचा पट्टा शिवत बसला होता. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली तसा तो उठला आणि खुर्ची फिरवून तिला उजवीकडे घेऊन बसला. हे तो हल्ली नेहमी करायचा. तिच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

तिनं काही बोलायच्या आत तोच बोलला. तिसऱ्यांदा तेच मागत होता.

"चिमे, एक बाटली दे. एवढीशी. सात नंबरची. हिच्या दुधात घालीन, कुणाला कळणार नाही. तू नाही म्हणतेस तेव्हा मला रात्रभर झोप लागत नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला चिमे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. मोजणीबाईनं खिशातून कागदाची पुडी काढली आणि ती तांबडी कपची त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती ओळखली. त्याचंही बालपण त्याच ताटात गेलं होतं.

"दादा, तू बाहेरच्या खडकावर शेवटचा कधी उतरलास?"

त्यानं कपचीवर मूठ मिटली. मग त्याचा हात डाव्या कानाकडे गेला आणि तिला खुर्ची फिरवण्याचं कोडं सुटलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. चार मीटरच्या खाली गेलं की डोक्यात सुरा खुपसल्यासारखं व्हायचं. संस्थेला सांगितलं असतं तर पाणबुड्याचं काम त्याच दिवशी संपलं असतं, आणि वर्षभरानं वहिनी आजारी पडल्यावर त्यांचे उपचारही त्याच नोकरीच्या जोरावर चालू होते. तेच स्पंज धक्क्याच्या खांबांवर आहेत, मग मरायला खोल कशाला जा, असं त्यानं ठरवलं. बोटीचा चालक त्याचा जुना दोस्त, तो मूग गिळून बसला. वहीत मात्र दर वेळी लिहिलेलं होतं, बाहेरचा खडक, पंचवीस मीटर. हे सगळं त्यानं खाली मान घालून सांगितलं. आणि मग मान वर करून म्हणाला की स्पंज तर तोच आहे, खोल आणि उथळ यानं असं काय बिघडतं?

तिनं काय बिघडतं ते सांगितलं. अकरावं मिनिट सांगितलं, शहाण्णव सांगितले. सांगताना तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. तिला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या त्या कानावर हात ठेवावा असंही वाटत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. पण बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि काडी हातातून गेली तरी मूठ लगेच उघडत नाही. तो अडखळत म्हणाला की तू सही तर कर, कंपनीवाले मोठे लोक आहेत, ते पुढे शोधतील काय ते, आत्ता हे बाहेर पडलं तर माझी नोकरी गेली, हिचं कसं व्हायचं?

"म्हणजे तुम्ही मला बोटीचा रंग पाजणार होतात."

वहिनी दारात उभ्या होत्या. डोक्याला रुमाल, चौकटीला धरलेला हात. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्या आधी हसल्या. खरंच हसल्या, खोकला लागेपर्यंत. म्हणाल्या, पोटात शिंपले तरी धरले नसते. मग चौकट धरूनच खाली बसल्या आणि त्यांचं हसणं थांबलं.

"माझ्यासाठी खोटं बोललात. मला एकटीला फसवलं असतं तर मी तुमच्याशी भांडले असते आणि गप्प बसले असते. पण दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर चोवीस वर्षांची पोरगी आहे. उद्या हे औषध म्हणून तिच्या शिरेत गेलं तर मी तिच्याकडे बघू कशी?" त्यांनी नणंदेकडे मान वळवली. "वन्सं, सही करू नका. आणि माझं नाव पुढे करून कुणी करायला सांगितलं, तर त्यांना माझ्याकडे पाठवा."

दादा रडला. एवढा मोठा माणूस रडला की खोली लहान वाटते. वहिनींनी त्याला रडू दिलं, चहा कुणी तरी करा म्हणाल्या, आणि चहा मोजणीबाईनं केला.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. दोन्ही सुळके टेबलावर ठेवले, निरोगी पेशींची प्लेट ठेवली, आणि पुडीतली कपची ठेवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. हुशार माणूस, त्यांना एका नजरेत कळलं. तिला ते एकदम म्हातारे दिसले.

मग त्यांना वाट सापडली. पाणबुड्यानं फसवलं, असं लिहायचं. संस्थेची काही चूक नाही, एका माणसानं चुकीच्या जागेचे नमुने दिले. त्याला काढून टाकू, कंपनीला सहा महिने थांबा म्हणू, संस्थेची अब्रू शाबूत. तिचंही नाव कुठं येणार नाही. तो तिचा भाऊ आहे हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून ते आवाज मऊ करून म्हणाले की कठीण आहे, पण खरं तेच लिहायचंय ना तुम्हाला?

मोजणीबाईला ही चाल अपेक्षित नव्हती. खरं लिहायचंच होतं तिला. दादानं केलं ते केलंच होतं. पण त्याच्या एकट्याच्या पाठीवर सगळं लादून बाकीच्यांनी हात झटकायचे, याला ती तयार नव्हती. तिनं पिशवीतून आपला कागद काढला. आदल्या दिवशी दोन पानं हातानं लिहिली होती. त्यात तिघांच्या चुका होत्या. पहिली तिची स्वतःची: नमुन्यांत बोटीच्या रंगाच्या कपच्या वारंवार दिसूनही मी त्या फेकून दिल्या व नोंद केली नाही. दुसरी पाणबुड्याची, कानासकट. तिसरी संस्थेची: निरोगी पेशींवरची चाचणी तीनदा पुढे ढकलली आणि न केलेल्या चाचणीचा निकाल कागदावर छापला. खाली तिची सही होती, आणि दादाची.

साहेबांनी तिसरा मुद्दा दोनदा वाचला. म्हणाले, पहिले दोन राहू द्या, हा काढा. ती नाही म्हणाली. त्यांनी समजावलं, मग रागावले, मग बावीस वर्षांची आठवण करून दिली. शेवटी म्हणाले, "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासे मी लहानपणापासून साफ करतेय, साहेब," ती म्हणाली आणि कागद तिथंच ठेवून बाहेर आली. 

गुरुवारी कंपनीची माणसं आली. सभेच्या खोलीत मोजणीबाईला बोलावणं नव्हतं. तिला सांगण्यात आलं होतं की पाहुणे प्रयोगशाळेतून फिरून जातील, तेव्हा फक्त टेबल स्वच्छ ठेवा. तिनं टेबल अगदी आरशासारखं स्वच्छ केलं. त्यावर तीन प्लेट ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीसमोर चिठ्ठी ठेवली. सात नंबर, कॅन्सरच्या पेशी. सात नंबर, निरोगी पेशी. बोटीचा रंग, निरोगी पेशी. तिन्ही पिवळ्याधमक. शेजारी दादा उभा होता, धुतलेला सदरा घालून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला यायचंच होतं, आणि वहिनींनी सदऱ्याची इस्त्री स्वतः केली होती.

पाहुण्यांत एक पिकल्या केसांची रसायनतज्ज्ञ होती. बाकीचे पुढे गेले, ही चिठ्ठ्या वाचत उभी राहिली. तिसरी चिठ्ठी वाचून तिनं पहिलीकडे बघितलं आणि मग मोजणीबाईकडे. हे काय आहे, तिनं विचारलं. साहेब घाईनं मागे आले आणि म्हणाले की काही नाही, हा एक अंतर्गत तपास आहे.

दादाचा चांगला कान त्या बाजूला होता. तो एक पाऊल पुढे आला.

"हे स्पंज मी खडकावरून आणले नाहीत. बंदराच्या धक्क्यावरून आणले. वहीत खोटं लिहिलं. मी पाणबुड्या आहे, माझा कान गेलाय."

चार वाक्यं. पण ती बोलायला त्याला जो दम लागला तो पंचवीस मीटर खाली कधी लागला नसेल. मोजणीबाईनं मग बाकीचं सांगितलं, कपच्यांपासून पुढे ढकललेल्या चाचणीपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. रसायनतज्ज्ञ बाईनं दोन्ही सुळक्यांचे कागद मागून घेतले, पिशवीत ठेवले, आणि साहेबांना म्हणाली की हिची सही नसलेला कागद आम्ही तसाही घेतला नसता. कौतुक वगैरे काही केलं नाही. जेवायला न थांबता ते लोक गेले.

दादाची नोकरी गेली. त्याबद्दल कुणी वाद घातला नाही, त्यानंही नाही. आता तो धक्क्यावर पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरून देतो, त्याला कान लागत नाही. वहिनींचे उपचार मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवले, तिथं रांग लांब आणि खाटा कमी. कधी कधी मोजणीबाईला वाटे की हे सगळं आपण केलं. मग तिला त्या चोवीस वर्षांच्या मुलीची आठवण येई आणि ती स्वतःलाच दटावे.

तिला काढणं साहेबांना परवडणारं नव्हतं, कंपनीकडे तिचे सुळक्यांचे कागद होते. म्हणून तिला तळमजल्यावर जुने डीप फ्रीजर साफ करायला धाडलं. शिक्षाच होती, आणि ती शिक्षा आहे हे सगळ्यांना कळावं अशी सोय केलेली होती. तिनं हातमोजे चढवले आणि एकेक फ्रीजर उपसायला घेतला. तिसऱ्या फ्रीजरच्या तळाशी बर्फात रुतलेली एक पिशवी निघाली. आत नारिंगी स्पंज. वर दादाचं वळणदार अक्षर: बाहेरचा खडक, सव्वीस मीटर. तारीख पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा त्याचे दोन्ही कान शाबूत होते. त्या वर्षी अर्क वेगळा करणारं यंत्र बंद पडलं होतं, त्यामुळे ही पिशवी ठेवली गेली आणि विसरली गेली.

तिनं ती चाळणीत धुतली. चाळणीतला कचरा भिंगाखाली कणकण बघितला. वाळू होती, शिंपल्यांचा चुरा होता, तांबडं काही नव्हतं. मग ती वर गेली, आपल्या जुन्या टेबलापाशी, आणि परवानगी विचारायला मुद्दाम विसरली. या वेळी दोन्ही प्लेट पहिल्या दिवसापासून बरोबर चालवल्या, कॅन्सरच्या आणि निरोगी. साहेब एकदा दारापर्यंत आले. तिनं मान वर केली नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि दार हळू लावून गेले.

तिसऱ्यांदा निकाल आला त्या संध्याकाळी ती दादाकडे गेली. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. दादा त्यांच्या पायांना तेल लावत होता. वहिनींनी तिचा चेहरा वाचला आणि नाकाकडे बोट दाखवलं.

"नाक लाल आहे. आलं का काही?"

"आलं, वहिनी. थोडंच आलं."

"किती?"

"शंभरातल्या अठरा मेल्या. निरोगी सगळ्या जिवंत. जांभळ्याजर्द." तिला पुढचं बोलणं जड गेलं, पण ती बोलली. "याचं औषध व्हायचं झालं तर दहा-पंधरा वर्षं लागतील. होईलच असंही नाही."

दहा-पंधरा वर्षं म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. वहिनींनी खिडकीबाहेर बघितलं. मग रुमाल नीट बांधला.

"खऱ्या आहेत ना अठरा?"

"खऱ्या आहेत. तीनदा केलं."

"मग अठराच सांगा, वन्सं. कुणी कितीही गळ्यात पडलं, तरी एकोणीस म्हणायचं नाही."

दादानं पायांवरचा हात थांबवला. तो चुकीच्या बाजूला बसला होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. काय म्हणाली, किती, असं तो विचारत राहिला. वहिनींनी त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं, त्याच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाल्या, "अठरा."